नवा छोटा ट्रॅक्टर घेतलाय, आता मागे काय जोडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्हचा छोटा ट्रॅक्टर नुकताच घेतला. जमीन तीन एकर, त्यातली निम्मी फळबाग, निम्मी मोकळी. विक्रेत्याने रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार), पल्टी नांगर, कल्टिव्हेटर, पुढचा लोडर (माल उचलायची बकेट), फवारणी पंप, ट्रॉली आणि खड्डे खोदायचा ऑगर अशी सात अवजारांची यादी दिली आहे आणि सगळं एकदम घ्या म्हणतोय. यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, असं तुम्ही विचारता.

मी वीसेक वर्षं छोटे ट्रॅक्टर चालवतो आणि त्यांची अवजारं दुरुस्त करतो. या यादीत एकही अवजार वाईट नाही. पण ती अवजारांच्या नावांवरून केलेली आहे, तुमच्या कामावरून नाही. माझ्या मते आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, वर्षभरात कोणतं काम किती तास चालणार. दुसरी, तुमच्या ट्रॅक्टरच्या मागे किती वजन उचललं तरी त्याची पुढची चाकं जमिनीवर नीट टेकलेली राहतात. पहिल्या गोष्टीचा विचार लोक थोडाफार करतात. दुसरीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मी छोट्या ट्रॅक्टरवर नवा होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरत आला होता, जमिनीला वाफसा आला होता, कामाची घाई होती. मागे चांगला जाडजूड रोटाव्हेटर होता. शेताच्या कडेला चढावर पोचल्यावर लिफ्टने अवजार वर घेतलं आणि वळायला स्टिअरिंग फिरवलं. स्टिअरिंग अगदी हलकं लागलं, लोण्यातून फिरवल्यासारखं. पुढची चाकं वळलेली दिसत होती आणि ट्रॅक्टर मात्र सरळ बांधाकडे चालला होता. क्लच दाबला, लिफ्ट खाली सोडली, रोटाव्हेटर मातीत टेकला आणि मग पुढची चाकं खाली आली. काही मोडलं नाही. पण तेव्हापासून कुठलंही अवजार घेण्याआधी मी त्याचं वजन विचारतो, रुंदी नंतर.

हा हिशेब तरफेचा आहे, घरबसल्या करता येतो. समजा तुमचा ट्रॅक्टर ९०० किलोचा आहे आणि त्यातले ४०० किलो पुढच्या चाकांवर येतात. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर दीड मीटर. अवजार वर उचललं की त्याच्या वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलपासून साधारण १.२ मीटर मागे येतो असं धरू. मग अवजाराच्या दर १०० किलोमागे पुढच्या चाकांवरचे ८० किलो कमी होतात. २५० किलोचं अवजार उचललं तर पुढे २०० किलो उरतात. ३५० किलोचं उचललं तर १२०. स्टिअरिंग ताब्यात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर असावा असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे इथे १८० किलो. २५० किलोचं अवजार त्यात बसतं, ३५० किलोचं बसत नाही. ते चालवायचंच असेल तर पुढे वजनं लावावी लागतात. पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे ६० किलो लावले तर पुढच्या चाकांवर ८० किलो वाढतात, कारण तरफ तिथेही आपलं काम करते. १२० चे २०० होतात आणि गाडी पुन्हा नियमात येते.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या ट्रॅक्टरचे वेगळे असतील. खरं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि वजन लिहून ठेवा. मग अवजार जोडून वर उचला आणि पुन्हा वजन घ्या. अवजार विकणारा एवढं करू देत नसेल तर मी त्याच्याकडून घेणार नाही.

इथे लोकांचा एक गोंधळ होतो. ‘लिफ्टची क्षमता ७५० किलो आहे, मग ३५० ला काय होतंय?’ असं ते म्हणतात. ती क्षमता बहुतेक वेळा लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी, बॉलपाशी मोजलेली असते. त्याच्या ६१० मिमी मागे मोजली तर आकडा बराच कमी येतो, आणि अवजाराचं वजन असतं ते तिथेच कुठेतरी. शिवाय हायड्रॉलिकने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला झेपलं असं होत नाही. लिफ्टला तुमची पुढची चाकं दिसत नाहीत.

अजून एक लक्षात असू द्या. आज सगळीकडे दिसणारी टॉप लिंक (वरचा एक दांडा) आणि दोन लोअर लिंकची जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी रुळवली आणि १९३९ मध्ये फोर्डच्या नाइन-एन ट्रॅक्टरवर ती मोठ्या संख्येने बाहेर पडली. तिची खुबी अशी की नांगर मातीत ओढला जात असताना टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढचा भाग उचलू देत नाही. म्हणून नांगर मातीत चालू असताना सगळं छान वाटतं. धोका ओळ संपल्यावर, वर उचलून वळताना आणि रस्त्याने नेताना असतो.

आता कामाच्या तासांकडे येऊ. एक वही घ्या आणि गेल्या वर्षी बैलांनी, भाड्याने किंवा हाताने केलेली कामं महिन्यावार लिहा. तुमच्यासारख्या जागेवर बहुधा असं निघेल की बागेतल्या ओळींमधलं गवत आणि फवारणी वर्षभर पुन्हा पुन्हा येते, ने-आण दर आठवड्याला असते, मशागत हंगामात मोजके दिवस, नांगरट वर्षातून फार तर एकदा आणि खड्डे एखाद्या वर्षीच. मग नांगर आणि ऑगर कशासाठी विकत घ्यायचे? ते भाड्याने आणा किंवा शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून तेवढं काम करून घ्या. सगळं एकदम घेतलं की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते. निम्मी अवजारं गंजत पडतात आणि ज्याला चांगलं गिअरबॉक्स हवं होतं ते हलक्या प्रतीचं घेतलेलं असतं.

तुमच्या मोकळ्या तुकड्यासाठी मी रोटाव्हेटर घेईन, पण नीट मापाचा. इंजिनावर २४ एचपी लिहिलं असलं तरी पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) साधारण २० च्या आसपासच मिळतात. रोटाव्हेटरला ताकद पीटीओतून लागते, म्हणून तो आकडा धरा. एवढ्या ताकदीला साडेतीन फुटी रोटाव्हेटर आरामात चालतो. चार फुटी हलक्या जमिनीत चालेल, भारी काळ्या जमिनीत इंजिन कण्हायला लागेल. दुसरी बाजू अशी की रोटाव्हेटरची रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर भुसभुशीत केलेल्या मातीवर चाकाचा पट्टा दाबलेलाच राहतो. दोन्ही जमत नसेल तर रोटाव्हेटर एका बाजूला सरकवून बसवता येईल असा घ्या. एका चाकाचा माग पूर्ण झाकला जातो आणि दुसऱ्या चाकाचा माग पुढच्या फेरीत येतो. फक्त फेऱ्या त्या हिशेबाने एकाच दिशेने घ्यायच्या. बागेत झाडाच्या बुंध्याजवळ जायलाही ही सरकलेली बाजू कामी येते.

रोटाव्हेटरबद्दल एक कळकळीने सांगतो. त्याने जमीन मऊ पावडरीसारखी दिसते आणि त्याचा मोह पडतो. पण दरवर्षी एकाच खोलीवर तीच पाती फिरत राहिली की त्या खोलीखाली माती घट्ट थापली जाते. पाणी तिथे तुंबतं, मुळं तिथे आडवी वळतात. ओलीवर चालवला तर हे आणखी लवकर होतं. तपासायची रीत सोपी आहे: पाऊस पडून गेल्यावर बारा मिमीची सळई हाताने जमिनीत दाबत जा. चार-सहा इंचांवर ती एकदम अडली आणि थोडा जोर लावल्यावर पुन्हा सुळकन गेली, तर तो थर तयार झालेला आहे. म्हणून रोटाव्हेटरच्या जोडीला पाच फणांचा साधा कल्टिव्हेटर मी घ्यायला सांगेन. तो हलका असतो, त्यात फिरणारं काही नसतं, बिघडायला काही नसतं. आधी कल्टिव्हेटरने माती उकलायची, ढेकळं एक-दोन उन्हं खाऊ द्यायची आणि मग गरज असेल तर रोटाव्हेटरचा एक हात. बऱ्याच वेळा ती गरज राहतच नाही.

बागेतल्या गवतासाठी तुमच्या यादीत काहीच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. रोटाव्हेटरने गवत मारायला जाऊ नका. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती दरवेळी तुटतील. त्यापेक्षा गवत कापणारं यंत्र घ्या, म्हणजे स्लॅशर किंवा फ्लेल मोव्हर. स्लॅशरमध्ये आडवं पातं फिरतं, तो स्वस्तात पडतो आणि उंच गवतातही चालतो, पण खडे लांब फेकतो. फ्लेलमध्ये आडव्या रोलरला हातोड्यासारखी छोटी पाती लटकलेली असतात. छाटणीच्या बारीक फांद्यांचाही तो भुगा करतो आणि दगड बाहेर कमी उडवतो. घराजवळ, माणसांच्या वावरात फ्लेलच घ्यावा. साधारण पाच एचपीला एक फूट रुंदी धरा, म्हणजे तुम्हाला चार फुटांपर्यंत चालेल.

फवारणीसाठी मागे उचलून न्यायची टाकी घेणार असाल तर वरचा तरफेचा हिशेब पुन्हा करा. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, टाकी-पंप-सांगाड्याचे १०० धरले तर ४०० किलो. आपल्या उदाहरणातल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर त्यामुळे ८० किलोच उरतात. टाकी अर्धी झाल्यावर सगळं ठीक वाटतं. भरलेली टाकी घेऊन उतारावर निघताना पहिल्या पाच मिनिटांत गडबड होते. एक तर २०० लिटरची टाकी घ्या आणि पुढे वजनं लावा, नाहीतर स्वतःच्या चाकांवर चालणारा, मागे ओढायचा पंप घ्या. बागेत वळायला जागा असेल तर मला दुसरा बरा वाटतो.

लोडरबद्दल उत्तर परिस्थितीवर आहे. शेणखत, माती, खडी, लाकूड दर आठवड्याला हलवायचं असेल तर लोडरसारखं कष्ट वाचवणारं दुसरं काही नाही. पाठ वाचते, हे मी स्वतःच्या पाठीवरून सांगतो. पण वर्षातून चार वेळा खत भरायचं असेल तर तो नुसता अडचण करतो. बागेत खालच्या फांद्यांना अडकतो आणि ट्रॅक्टरची लांबी वाढवतो. लोडर भरला की सगळा भार पुढच्या ॲक्सलवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. ब्रेक मागच्याच चाकांना असतील तर उतारावर ट्रॅक्टर घसरत जातो. म्हणून लोडर चालवताना मागे वजन हवंच, मग तो तुमचा रोटाव्हेटर असो की काँक्रीट भरलेली पेटी. भरलेली बकेट गुडघ्याएवढीच उचलून न्यायची, वर फक्त रिकामी करताना घ्यायची. आज घ्यायचा नसला तरी नंतर घ्यायची शक्यता असेल तर ट्रॅक्टरला जादा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आत्ताच बसवून घ्या. नंतर बसवताना पाइप कापण्यापासून सगळं नव्याने करावं लागतं.

ट्रॉली घ्या, पण लहान. किती माल मावतो हे बघू नका, उतारावर ट्रॅक्टर ती थांबवू शकतो का हे बघा. ट्रॉली ओढायची ती ड्रॉबारच्या (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीच्या) हुकातूनच. टॉप लिंकच्या जागेला किंवा ॲक्सलच्या वर कुठेही दोर-साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. हे दीड-दोन सेकंदांत होतं, उडी मारायला वेळ मिळत नाही. रस्त्यावर येताना डावं-उजवं ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावायची, नाहीतर घाईत एकाच चाकाला ब्रेक लागतो.

ट्रॅक्टर उलटण्याच्या याच भीतीमुळे, त्याला रोल बार (चालकाला वाचवणारी उभी चौकट) नसेल तर कुठल्याही अवजाराआधी तो बसवा. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तिथे उलटून होणारे मृत्यू खूप कमी झाले. चौकट उभी असताना सीट बेल्ट लावायचा. फांद्यांखाली जाताना चौकट दुमडली असेल तर बेल्ट लावायचा नाही, आणि बाहेर आल्या आल्या चौकट पुन्हा उभी करायची.

आता पीटीओ शाफ्ट, म्हणजे पीटीओची ताकद अवजारापर्यंत नेणारा दांडा. नव्या मालकांचं सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलंय. एकदा माझ्याकडे जेमतेम चाळीस तास चाललेला ट्रॅक्टर आला, मागच्या सीलमधून तेल गळत होतं. विक्रेत्याने रोटाव्हेटरसोबत आलेला शाफ्ट होता तसाच, न कापता जोडून दिला होता. अवजार वर-खाली होताना एका ठिकाणी ट्रॅक्टर आणि अवजारातलं अंतर सगळ्यात कमी होतं. तिथे लांब शाफ्टला आत सरकायला जागा उरली नाही आणि तो दर वेळी पीटीओच्या बेअरिंगला ठोसे देत राहिला.

रीत अशी: शाफ्ट न जोडता, पीटीओ बंद ठेवून अवजार हळूहळू वर-खाली करून बघा आणि अंतर सगळ्यात कमी जिथे होतं तिथे थांबवून इंजिन बंद करा. खाली टेकू द्या, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर हात घालू नका. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक पीटीओला आणि दुसरा अवजाराला लावा, शेजारी-शेजारी धरा. या स्थितीत आतल्या नळीचं टोक दुसऱ्या बाजूला टेकायला किमान २५ मिमी बाकी राहिलं पाहिजे. जास्तीचं असेल तेवढं दोन्ही नळ्यांमधून आणि दोन्ही प्लॅस्टिक कव्हरांमधून सारखं कापा. कानस मारून कडा गुळगुळीत करा, ग्रीस लावा. मग अंतर सगळ्यात जास्त असतं तिथे बघा: दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबी राहिल्या पाहिजेत. जोडताना पिन ‘टक’ करून खाचेत बसते. आवाज आला तरी शाफ्ट मागे ओढून खात्री करा. टॉप लिंकची लांबी अशी ठेवा की काम करताना अवजाराच्या गिअरबॉक्सचा दांडा आणि पीटीओ एकमेकांना समांतर राहतील, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (फिरते सांधे) सारखे झिजतात.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. बाहीचं टोक अडकलं की हात मागे घ्यायला वेळच नसतो. कव्हर फुटलं की त्याच दिवशी बदला. शाफ्ट फिरत असताना त्याच्यावरून ओलांडून जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

किरकोळ वस्तूंमध्ये मी आधी ग्रीस गन घेईन आणि लिंच पिनांचं, म्हणजे जोडणी निसटू न देणाऱ्या खिळींचं, एक पाकीट. शिअर बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच डझनभर ठेवा. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. एकाने ‘सारखा तुटतोय’ म्हणून कडक बोल्ट घातला होता, पुढच्या दगडाला त्याच्या गिअरबॉक्सचे दातच गेले. अवजार जुनं घेणार असाल तर पिनांची मापं मोजा. तुमच्या ट्रॅक्टरला जोडणीच्या मापाचा वर्ग बहुधा कॅटेगरी एक असेल, म्हणजे लोअर लिंकची पिन २२ मिमी आणि टॉप लिंकची १९. कॅटेगरी दोनच्या पिना २८ आणि २५ मिमी असतात, त्या तुमच्या बॉलमध्ये जाणार नाहीत. अवजार मोठ्या ट्रॅक्टरसाठी केलेलं आहे याची ती पहिली खूण समजा, पिना बदलून जोडायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या जागी मी असतो तर आत्ता पुढची वजनं, कल्टिव्हेटर, गवत कापायचं यंत्र आणि लहान ट्रॉली एवढंच घेतलं असतं. रोटाव्हेटर मोकळ्या तुकड्याच्या पहिल्या मशागतीच्या वेळी, पंप फवारणी सुरू व्हायच्या आधी. लोडरचा विचार एक वर्ष ट्रॅक्टर चालवून झाल्यावर. नवा ट्रॅक्टर असल्यामुळे पहिल्या ५० तासांत त्याला अवघड कामाला जुंपूही नका. त्यानंतरची ऑइल-फिल्टरची पहिली सर्व्हिस चुकवू नका.

मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, काट्यावर आलेलं पुढच्या चाकांचं वजन आणि बागेतल्या दोन ओळींमधलं अंतर एवढं मोजून कळवा. मग रोटाव्हेटर आणि मोव्हर नेमका किती फुटी घ्यायचा ते सांगतो.